बर्म्युडावर दोन शब्द

डॉक्टर पद्माकर उपासनी हे भूलतज्ज्ञ. समोरचा माणूस गाढ झोपला की काम चोख झालं, अशा धंद्यात बावीस वर्षं काढलेल्या गृहस्थाला आयुष्यात एकदा तरी जाग्या माणसांपुढे तासभर बोलावंसं वाटलं, तर त्यात त्याचा काय दोष? पण मँचेस्टरच्या उत्तरेला अर्ध्या तासावरच्या त्या गावात हे समजून घेणारं कोणी नव्हतं. घरात तर नव्हतंच.

बोलायचा विषय होता बर्म्युडा. भूलतज्ज्ञांच्या एका परिषदेसाठी ते सहा दिवस तिथे जाऊन आले होते. बाकीचे भूलतज्ज्ञ वाळूवर पडून एकमेकांना पेंगताना बघत होते, तेव्हा उपासनी वही घेऊन सेंट जॉर्ज नावाच्या गावातून हिंडत होते. परत आले ते एकशे बारा स्लाइड्स घेऊन. मग दीड वर्ष लायब्ररीत बसून त्यांनी चौसष्ट पानं लिहिली आणि त्यांना नाव दिलं, ‘सेंट जॉर्ज : एका बेटावरील शहराचा आरमारी, वाङ्मयीन व सांस्कृतिक इतिहास’. नाव एवढं भारदस्त होतं की फाईलच्या पाठीवर मावेना, म्हणून त्यांनी मोठी फाईल आणली.

पत्नी सुलक्षणाबाईंनी हा इतिहास, सुरुवातीला एक जहाज खडकावर फुटतं तिथपर्यंत, चार वेळा ऐकला होता. त्यापुढे त्यांनी कधी जाऊ दिलं नाही. एकदाच त्या जरा पुढे आल्या, तेव्हा नेमकी गावच्या चौकातली ती खुर्ची निघाली, जिच्यात भांडखोर बायकांना बसवून समुद्रात बुचकळत असत.

“म्हणजे बायकांना पाण्यात बुडवायचे, आणि तुम्ही त्याचे फोटो काढत होतात?”

“अगं, ते जुनं. आता नुसतं टूरिस्टांना करून दाखवतात.”

“हो का? मग आणखी एक जुनं दाखवते. काल टाकलेली भांडी तशीच आहेत.”

तेव्हा उपासनींनी मंडळाकडे मोर्चा वळवला. तिथल्या महाराष्ट्र मंडळाची एक वसंत व्याख्यानमाला होती. ती जूनमध्ये होई आणि तिच्यात एकच व्याख्यान असे. एका मण्याची माळ जगात फक्त याच मंडळाने ओवली असेल. जून अशासाठी की तेव्हा भारतातून सगळ्यांचे आईवडील आलेले असत आणि त्यांना शनिवारी दुपारी दोन-तीन तास कुठेतरी बसवून ठेवणं ही मंडळाची खरी सामाजिक गरज होती. एक्क्याण्णव साली पुण्याहून येणाऱ्या वक्त्यांचा व्हिसा अडकला, आणि कार्यवाह श्रीनिवास कानिटकर, जो एरवी दातांचा डॉक्टर होता, त्याने उपासनींना फोन केला.

“डॉक्टर, तुमचं ते बर्म्युडा घेऊन टाकू या. ट्रँगलवर बोलणार ना?”

“ट्रँगलचा आणि माझ्या विषयाचा काहीही संबंध नाही.”

“असू दे, पण पोस्टरवर ट्रँगल घालतो. नाहीतर माणसं येणार नाहीत.”

उपासनींनी तो अपमान गिळला. पुढच्या सहा आठवड्यांत त्यांनी जे काही गिळलं, त्या मानाने हा अगदीच किरकोळ होता.

पहिली माशी शिंकली ती हॉलच्या फॉर्मवर. हॉल कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा. फॉर्ममध्ये कार्यक्रमाचे प्रकार चार : लग्न, व्यायाम, धार्मिक आणि इतर. ‘इतर’वर खूण केली की पुढे तीन पानं भरावी लागत. त्यात एक प्रश्न होता, उघड्या ज्योती किती? उपासनी प्रामाणिक माणूस. दीपप्रज्वलन होणार, समईला पाच वाती. त्यांनी ‘पाच’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या बाईंचा फोन आला.

“मिस्टर उपासनी, फाइव्ह नेकेड फ्लेम्स? आणि हे लेक्चर आहे म्हणता?”

“हो. सुरुवातीला दिवा लावतो आम्ही. ज्ञानाचं प्रतीक म्हणून.”

“पण हॉलमध्ये चांगले स्ट्रिप लाइट्स आहेत.”

एखाद्या संस्कृतीची बाजू तिच्या सगळ्या परंपरेसकट मांडायची, तीही पेशंट टेबलावर असताना ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या फोनवरून, हे कुणालाच सोपं नाही. तीन पत्रं झाली. शेवटी परवानगी आली ती अशी : ज्योत एक, वेळ तीन मिनिटं, शेजारी केअरटेकर आग विझवायचं नळकांडं घेऊन उभा राहील. एका वातीची समई अपशकुनी दिसते, असं श्रीनिवासच्या आईचं मत पडलं. या सिंधुबाई. कराडच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या, आणि आल्यापासून मंडळाला शिस्त लावत असलेल्या. त्यांनी तोडगा काढला की उरलेल्या चार वातींच्या जागी झेंडूची फुलं ठेवावीत. झेंडू मिळाला नाही. मग कागदाचा केला, तर कौन्सिलने ज्योतीशेजारी कागद नको म्हणून चौथं पत्र पाठवलं.

त्यात श्रीनिवासला आणखी एक आठवलं. “वक्ते तुम्ही, सभेचा अध्यक्ष मी. पण प्रमुख पाहुणे कोण?”

आता, वक्ता असताना वर आणखी प्रमुख पाहुणा कशाला, हा प्रश्न जगातल्या इतर कुठल्याही जमातीला पडेल. मराठी माणसाला पडत नाही. व्यासपीठावर तीन खुर्च्या मांडल्या की तिन्हींवर कोणीतरी बसलेलं लागतं. उपासनींनाही पडला नाही. आणि त्यांच्या तोंडून, केवळ दमल्यामुळे, निघून गेलं, “आमचे शेजारी आहेत एक. मिस्टर क्लेग. बर्म्युडाला नेव्हीत होते म्हणे.”

“अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत? गोरा प्रमुख पाहुणा! तोही नेव्हीतला! कौन्सिलला फोटो पाठवता येईल. त्यांना म्हणावं, दोन शब्द बोला.”

मिस्टर क्लेग हे निवृत्त बसड्रायव्हर. परसात बटाटे लावून ते कुंपणावरून उपासनींना गोगलगायी, गवत आणि गटारं यांबद्दल न मागता सल्ले देत. अठ्ठेचाळीस ते पन्नास ते खरोखरच बर्म्युडाच्या आरमारी गोदीत होते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा उपासनींच्या अंगावर रोमांच उभे राहिले होते. साक्षात इतिहास कुंपणापलीकडे शेणखत घालत होता.

“गोदीत नक्की कुठे होतात?” त्यांनी विचारलं होतं.

“किचनमध्ये, डॉक. बटाटे सोलायला.”

“तिथले ते दोन घड्याळमनोरे! एकात वेळ दिसते आणि दुसऱ्यात भरतीची वेळ! रोज बघत असाल.”

“मनोरे होते?”

“केवढे उंच!”

“असतील. किचनला खिडकी नव्हती.”

“बरं, सेंट जॉर्ज? बेटाच्या दुसऱ्या टोकाचं गाव?”

“ते लांब होतं. एकदा जाणार होतो, पण त्या दिवशी पाय मुरगळला.”

तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस त्या बेटावर राहिला आणि त्याने बटाट्याखेरीज काही पाहिलं नाही. उपासनी राहिले सहा दिवस आणि त्यांनी एकशे बारा स्लाइड्स काढल्या. तरीही आता प्रमुख पाहुणा तो, कारण तो ‘प्रत्यक्ष होता’. पुढचे दोन दिवस उपासनींना जेवण गेलं नाही. पण बोलावणं केलं. क्लेगनी फावडं खाली ठेवलं आणि टोपी काढली.

“मला आजवर कुणी बोलायला बोलावलं नाही, डॉक,” ते म्हणाले. “तयारी करून येईन.”



शनिवार उजाडला आणि त्याबरोबर सूर्यही उगवला. एरवी त्या लँकशर परगण्यात जूनचं ऊन म्हणजे अफवा. त्या दिवशी मात्र हॉलच्या आठही खिडक्यांतून ते असं आत आलं की जणू त्यालाही आमंत्रण होतं. खिडक्यांना पडदे नव्हते. स्लाइड प्रोजेक्टर होता भगवान गायकवाडांचा. गायकवाड रेल्वेत इंजिनीअर. दर चौदा एप्रिलला आपल्या लोकांच्या कार्यक्रमासाठी हाच प्रोजेक्टर गाडीत घालून ते लंडनपर्यंत जात. उपासनींची चौसष्ट पानं पूर्ण वाचणारा पृथ्वीतलावरचा हा एकमेव माणूस. वाचून त्यांनी एवढंच विचारलं होतं, “डॉक्टरसाहेब, गोदी बांधणाऱ्या कैद्यांना तुम्ही दीडच पान दिलंय. ती बांधली तर त्यांनीच ना?” आणि उपासनींनी खजील होऊन त्याची सहा पानं केली होती.

गायकवाडांनी पहिली स्लाइड लावली. पडदा लख्ख पांढरा.

“दिसतंय का काही?” उपासनींनी विचारलं.

“तुम्ही आहे म्हणताय, तर असेल,” गायकवाड म्हणाले.

कार्यक्रम तीनचा. क्लेग तीनला पाच कमी असताना ब्लेझर घालून हजर झाले आणि रिकाम्या हॉलमध्ये एकटेच मधोमध बसले. मंडळी पावणेचारला आली. त्यातली मिळवती पिढी आईवडिलांना पुढच्या चार रांगांत बसवून लगेच बाहेर कार पार्कमध्ये गेली आणि शाळा, मॉर्गेज व कन्सल्टंटच्या जागा या विषयांवर उन्हात उभं राहून बोलू लागली. सुलक्षणाबाई किचनमध्ये चहाच्या तयारीला. म्हणजे आत उरले चाळीसएक ज्येष्ठ नागरिक, जे परतीच्या विमानाखेरीज कशासाठीच उठून जाणार नव्हते. वक्त्याला याहून चांगले श्रोते मिळत नाहीत.

मग स्वागतगीत झालं. ते संपता संपेना. ज्योत लागली, केअरटेकर नळकांड्याचं तोंड तिच्यावर रोखून घड्याळ बघत उभा राहिला आणि तिसऱ्या मिनिटाला त्याने स्वतःच फुंकर घातली. “अरे देवा!” असं चाळीस तोंडांतून एकदम निघालं. मग प्रास्ताविक, मग परिचय. फोनवर ‘नेव्हीत होते’ असं सांगितलेले क्लेग पोस्टरवर ‘माजी नौदल अधिकारी’ झाले होते. श्रीनिवासच्या भाषणात त्यांनी बघता बघता सबंध गोदी ताब्यात घेतली. वक्त्यांच्या परिचयात त्याने सांगितलं की डॉक्टर उपासनी आपल्या सर्वांच्या परिचयाचेच आहेत. क्लेगना शाल घातली; ती त्यांनी मफलरसारखी गळ्याभोवती गुंडाळली. हातात नारळ दिला. तो त्यांनी कानाशी हलवून पाहिला. सव्वाचार झाले.

“आता प्रमुख पाहुणे आधी दोन शब्द बोलतील,” श्रीनिवास म्हणाला, “कारण त्यांना पाचला घरी टीसाठी, म्हणजे संध्याकाळच्या जेवणासाठी, जायचंय.”

क्लेग उठले. ब्लेझरच्या आतल्या खिशातून त्यांनी एक जुडगा काढला. अठरा कागद होते, दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत लिहिलेले. उपासनींना तिसऱ्या खुर्चीवरून पहिल्याच पानाचं शीर्षक वाचता आलं : ‘बटाटे’.

क्लेगनी पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. पुढच्या रांगेत सिंधुबाईंनी छडी असल्यासारखा हात वर केला.

“अहो उपासनी! माझं इंग्रजी चांगलं आहे, मी आठवीला शिकवत होते. पण हा बोलतोय ते काही इंग्रजी नव्हे. मराठीत सांगा. आम्ही काय नुसते त्याचे ओठ हलताना बघायचे?”

“हो, हो, मराठीत सांगा,” चारी रांगा म्हणाल्या.

तेव्हा उपासनी उठले आणि क्लेगच्या शेजारी उभे राहिले. आपल्या व्याख्यानाच्या दिवशी आपल्याच शेजाऱ्याचे बटाटे मराठीत सोलायला! तरी त्यांनी इमानेइतबारे सुरुवात केली. “साहेब म्हणतात, बटाटे कॅनडाहून यायचे. साहेब म्हणतात, रोज सकाळी दहा पोती सोलायची.” म्हातारी मंडळी मन लावून ऐकत होती. एकाने दहा पोती हा आकडा वहीत लिहून घेतला.

दुसरं पान उलटलं तेव्हा श्रीनिवासने चिठ्ठी सरकवली आणि तो स्वतः बाहेर कार पार्कमध्ये निघून गेला. ‘साडेपाचला हॉल रिकामा करायचा आहे, नंतर इथे लाइन डान्सिंगचा वर्ग आहे. तुमचं व्याख्यान पुढल्या वर्षी घेऊ या का? रागावू नका.’

उपासनींनी ती दोनदा वाचली. दीड वर्ष. चौसष्ट पानं. चार पत्रं. त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. शेजारी क्लेगनी वाचलं, “सोलायला पाणी कमी पडायचं. त्या बेटावर नदीच नाही,” आणि ते थांबून भाषांतराची वाट बघू लागले.

“साहेब म्हणतात,” उपासनी म्हणाले, “त्या बेटावर नदी नाही.” इथे ते क्षणभर थांबले. “म्हणून तिथे प्रत्येक घराचं छप्पर पायऱ्यापायऱ्यांचं आणि चुन्याने पांढरं केलेलं असतं. पावसाचा थेंब न् थेंब त्यावरून घराखालच्या टाकीत जातो. तिथे आधी पाणी बांधतात, मग घर. आणि तिथे माणसं आली कशी, तर सोळाशे नऊ साली एक इंग्रज जहाज वादळात खडकावर आपटलं. दीडशे माणसं. एकही दगावला नाही. दहा महिन्यांत त्यांनी फुटक्या जहाजाच्या लाकडातून नि तिथल्या देवदारातून दोन नवी जहाजं बांधली आणि पुढे निघून गेले. ती हकीकत लंडनला पोचली आणि तिच्यावरून म्हणे तिथल्या सगळ्यात मोठ्या नाटककाराला नाटक सुचलं!”

चारी रांगा सरसावून बसल्या. क्लेगनी कौतुकाने उपासनींकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य वाचलं. हेड कुक आयरिश होता आणि महाकंटाळवाणा माणूस होता.

“साहेब म्हणतात, एक आयरिश कवी तिथे आरमाराच्या कोर्टात नोकरीला आला. चार महिन्यांत कंटाळला, कामावर बदली माणूस ठेवला आणि गेला निघून!”

“कवीच तो,” सिंधुबाई म्हणाल्या. हॉलमध्ये हशा पिकला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भाजलेले बटाटे मिळत, असं क्लेगनी सांगितलं. त्यावर उपासनींनी त्याच दिवशी मुखवटे घालून, डोक्यावर मोरपिसांचे उंच मुकुट चढवून, ढोलाच्या तालावर रस्त्यांतून नाचणारे तिथले काळे लोक सांगितले. आपला वासुदेव जर दहा जणांचा झाला आणि त्याच्या अंगात आलं तर कसा दिसेल तसे, हे सांगताना त्यांनी दोन पावलं टाकून दाखवली. क्लेगना वाटलं, बटाट्यांचा हा भाग मराठीत फार रंगतो.

मग क्लेग जरा हळू वाचू लागले. “सोलायचे आहेत का, असं आम्हाला कुणी विचारलं नाही. अठरा वर्षांचे होतो. पाठवलं, गेलो.”

उपासनींनी मागे प्रोजेक्टरकडे पाहिलं. गायकवाड हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला, त्याच्या पंख्याचा आवाज थांबला.

“साहेब म्हणतात,” उपासनी म्हणाले, “ती गोदी कैद्यांनी बांधली. इंग्लंडातून, आयर्लंडातून आणलेले, कुणी भाकरी चोरलेली, कुणी मेंढी. जुन्या मोडक्या जहाजांत त्यांना कोंबत आणि दिवसभर पांढरा दगड फोडायला लावत. त्या दगडावर ऊन पडलं की डोळे जात. तरुण पोरं आंधळी झाली. तापाने शेकडो गेली. चाळीस वर्षं हे चाललं. आज तिथे जाणारा मनोरे बघतो, घड्याळ बघतो. दगड कुणी घडवला, ते तिथे कुणी विचारत नाही. मीही आधी नव्हतं विचारलं.”

आठ खिडक्यांतलं ऊन सगळ्यांच्या तोंडावर होतं आणि एकही माणूस झोपला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून पुसला. उपासनींना आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पाचला क्लेगनी अकराव्या पानावर बोट ठेवून घड्याळ पाहिलं, “टी,” म्हणाले आणि थांबले. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कार पार्कमधले मॉर्गेजवाले काय पेटलं ते बघायला धावत आत आले. म्हाताऱ्यांनी क्लेगना गराडा घातला. दोन आज्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

“काय अभ्यास आहे हो साहेबांचा! कैद्यांचं सांगताना स्वतःचा आवाज हलला त्यांचा.”

“उगीच नाही राज्य केलं यांनी. शिपाईगडी, पण वाचन बघा!”

सिंधुबाई उपासनींपाशी आल्या. ते मान थोडी खाली घालून, नम्रपणे, तयार होऊन उभे राहिले.

“एक सांगू का, राग मानू नका,” बाई म्हणाल्या. “साहेब कसा एका वाक्यात सांगत होता. तुम्हीच फार पाल्हाळ लावत होतात.”

क्लेग जाताना शाल सावरत म्हणाले, “सुंदर भाषा आहे तुमची, डॉक. पण फार शब्द लागतात, नाही?” गायकवाड प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, “क्लेगसाहेब कैद्यांबद्दल फार चांगलं बोलले, डॉक्टरसाहेब. पुढच्या एप्रिलला लंडनला न्यायचा विचार आहे त्यांना. तुम्हालाही यावं लागेल.” उपासनींनी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांच्या मिशीत हसू होतं. ते हसू हेच त्या दिवशी त्यांना मिळालेलं मानधन.

तीन आठवड्यांनी श्रीनिवासचा फोन आला. क्लेगसाहेबांची कीर्ती बर्मिंगहॅमच्या मंडळापर्यंत पोचली होती. गणपतीत त्यांना तिकडे भाषणाला बोलावलं होतं, शिवाय हॉलला पडदे होते.

“तुम्ही गाडीतून घेऊन जाल ना त्यांना? भाषांतराला मात्र आईने दुसरं कुणीतरी बघायला सांगितलंय. थोडक्यात करणारं. वाईट वाटून घेऊ नका हं, डॉक्टर.”

उपासनींचे कान तापले. सांगून टाकावं! अरे, ते छप्पर माझं, तो कवी माझा, ते कैदी माझे; त्या माणसाने पाऊण तास फक्त बटाटे सांगितले! पण मग त्याचबरोबर हेही सांगावं लागलं असतं की चाळीस वडीलधाऱ्यांना आपण पाऊण तास धडधडीत खोटं भाषांतर ऐकवलं. ते “विचारतो त्यांना” एवढंच म्हणाले आणि रिसीव्हर ठेवून तरातरा परसात गेले. आज या क्लेगला सगळं स्वच्छ सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

क्लेग कुंपणापाशीच होते. बर्मिंगहॅम ऐकून त्यांचा चेहरा उजळला, आणि मग काळजीत पडला.

“पण डॉक, बटाटे तर झाले सांगून. राहिली ती सात पानं काही फार चांगली नाहीत. मी कांदे सांगू का? कांदेही पुष्कळ चिरले तिथे.”

उपासनी बोलायला उघडलेलं तोंड तसंच ठेवून उभे राहिले. कांदे! बर्म्युडाचा कांदा! शंभर वर्षांपूर्वी जहाजंच्या जहाजं भरून न्यूयॉर्कला जाणारा, ज्याच्यावर सबंध बेट जगलं, आणि मग टेक्सासच्या शेतकऱ्यांनी ‘बर्म्युडा’ हेच नाव लावून आपला कांदा बाजारात आणला नि मूळ कांद्याला कुणी विचारेना. दुसऱ्याच्या नावावर माल खपण्याची ती सगळी करुण कहाणी त्यांनी नऊ पानांत लिहिली होती. आजवर ती कुणीच ऐकली नव्हती. क्लेगने नुसता कांदा चिरला असता, आणि थोडक्यात करणाऱ्या भाषांतरकाराने तो मराठीत चिरून वाढला असता, तर त्या नऊ पानांचं काय?

“कांदेच सांगा,” ते म्हणाले. “सावकाश सांगा. मधे मधे थांबा.”

आत येऊन त्यांनी श्रीनिवासला फोन लावला. “श्रीनिवास, साहेब येतायत. आणि दुसरं कुणी बघू नकोस, भाषांतर मीच करतो.”

“पण डॉक्टर, आई म्हणते...”

“आईंना सांग, अगदी थोडक्यात करीन,” उपासनी म्हणाले, आणि फोन ठेवून कांद्यांची पानं काढायला माडीवर गेले.